रेव्हनहोम: जिथं आता कुणी जात नाही

आजचा इतिहास जरा वेगळा आहे. आज किल्ला नाही, लढाई नाही, निजामही नाही. आज आपण एका गावात जाणार आहोत. हे गाव नकाशावर सापडणार नाही, पण जगभरच्या लाखो पोरांनी तिथं रात्री काढल्यात. गावाचं नाव रेव्हनहोम. गेमचं नाव हाफ-लाइफ २.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. तुम्ही लातूरच्या ट्यूशन एरियात किंवा नांदेडला भाग्यनगरकडं राहून अकरावी-बारावी केली असेल, आणि तासाला पंधरा-वीस रुपये देऊन कॅफेत काउंटर-स्ट्राइक १.६ खेळला असाल, तर तुम्ही हाफ-लाइफला ओळखता. फक्त तुम्हाला ते माहीत नसतं. काउंटर-स्ट्राइक हा मुळात १९९९ साली हाफ-लाइफवर बसवलेला एक मॉड होता. कॅफेतल्या त्या आयकॉनवर राइट क्लिक करून बघितलं की आत फाइल निघायची 'एचएल डॉट एक्सई'. एचएल म्हणजेच हाफ-लाइफ. आम्ही रोज आजोबांच्या वाड्यात क्रिकेट खेळत होतो आणि आजोबा कोण हे कुणी विचारलं नव्हतं.

तर आजोबांच्याही मागं जाऊ. १० डिसेंबर १९९३. अमेरिकेत टेक्सासमधल्या इड सॉफ्टवेअर या छोट्या कंपनीनं 'डूम' नावाचा गेम सोडला. पहिला भाग फुकट, आवडला तर पुढचे विकत घ्या. जॉन कारमॅकनं इंजिन लिहिलं, जॉन रोमेरो आणि इतरांनी लेव्हल बांधल्या. डूमची घाबरवायची रीत अशी: समोर किल्ली ठेवलेली असते. तुम्ही ती उचलता. दिवे जातात, बाजूची भिंत सरकते आणि आतून राक्षस बाहेर येतात. दचकायला होतं, अगदी खुर्ची हलते. पण हातात बंदूक असते. गोळ्या संपेपर्यंत भीती संपलेली असते. डूमची भीती म्हणजे दिवाळीचा सुतळी बॉम्ब. मोठा आवाज, नंतर हसू.

१९९६ साली मायक्रोसॉफ्ट सोडलेल्या गेब न्यूएल आणि माइक हॅरिंग्टननी व्हॉल्व्ह ही कंपनी काढली. इडचंच क्वेक इंजिन घेऊन, त्यात बरेच बदल करून त्यांनी १९९८ साली हाफ-लाइफ आणला. मग १६ नोव्हेंबर २००४ रोजी हाफ-लाइफ २. या वेळी इंजिन स्वतःचं, सोर्स नावाचं. त्यात नवी गोष्ट होती फिजिक्स. खुर्ची लाथाडली की पडते, पाटी पाण्यावर तरंगते, डबा उतारावरून गडगडत जातो. आज कुठल्याही मोबाइल गेममध्ये हे दिसतं, त्या वेळी लोक नुसते डबे फेकत बसायचे.

आता रेव्हनहोम. गेमच्या सुरुवातीच्या भागात ॲलिक्स नावाची मुलगी आपल्याला एक बंद बोगदा दाखवते आणि सांगते की हा रेव्हनहोमचा रस्ता, तिकडं आम्ही आता जात नाही. बस, एवढंच. का जात नाही, ते सांगत नाही. थोड्या वेळानं हल्ला होतो, बाकीच्या वाटा बंद होतात आणि आपल्याला त्याच बोगद्यात शिरावं लागतं. मी हा भाग पहिल्यांदा खेळलो तो नांदेडला, विष्णुपुरीच्या होस्टेलवर, सीनियरच्या पेन ड्राइव्हमधून. खेळणारा मी एक, बघणारे पाच जण. त्यात एक उदगीरचा मित्र सारखा ओरडायचा, "कुठं चाललायस बे, तिकडं नको जाऊ, ती सांगायली नव्हं!"

गावात शिरताना झाडाला माणसाचे नुसते पाय लटकलेले दिसतात. कावळे उडतात. पहिल्या घरात करवतीची गोल पाती भिंतीत रुतलेली असतात आणि शेजारी कमरेतून दोन तुकडे झालेलं झोंबी पडलेलं असतं. त्यातलं एक पातं नेमकं वाटेत असतं. आपल्याकडं नुकतीच मिळालेली ग्रॅव्हिटी गन असते, म्हणजे वस्तू ओढायची आणि फेकायची बंदूक. पातं काढावंच लागतं. काढलं की समोरून दुसरं झोंबी येतं. बोट आपोआप बटणावर जातं, पातं सुटतं, काम होतं. इथं कुणी शिकवलं नाही, स्क्रीनवर सूचना आली नाही. तरी आपण शिकलो. इंजिनिअर म्हणून मला आजही या एका खोलीचा हेवा वाटतो. युजर मॅन्युअल न लिहिता युजरला तयार केलं त्यांनी.

आणि याच खोलीत भीतीची दुसरी रीतही सुरू होते. इथून पुढं गोळ्या कमी पडायला लागतात. लढायचं ते गावातल्या सामानानं. रंगाचा डबा, गॅसची टाकी, तुटका रेडिएटर. प्रत्येक वस्तूकडं नीट बघावं लागतं. आणि नीट बघितलं की कळतं, ही कुणाची तरी वस्तू होती.

टॉर्चचं बघा. या गेममध्ये टॉर्च आणि धावणं एकाच बॅटरीवर चालतं. उजेड लावून ठेवला की पळायला चार्ज उरत नाही. पळालात तर अंधार. बाहेरच्या लोकांना हे डिझाइन वाटेल, पण भारनियमनात वाढलेल्या मराठवाड्यातल्या माणसाला हे कुणी समजवायची गरज नाही. इन्व्हर्टरवर पंखा चालवायचा की ट्यूबलाइट, हा निर्णय आपण बारावीच्या अभ्यासात रोज घेतलाय.

मग आवाज. रेव्हनहोममध्ये एक झोंबी भिंतीवरच्या पाण्याच्या पाइपावरून चढतं. दिसायच्या आधी पाइप खडखडतो. तुम्ही गच्चीवर उभे आहात, पलीकडून पाळणा येईपर्यंत थांबायचंय, आणि चारी बाजूंचे पाइप वाजायला लागलेत. डूममध्ये राक्षस आल्यावर भीती वाटायची. इथं तो येईपर्यंत भीती वाटते. दुसऱ्या एका जातीच्या झोंबीकडं विषारी खेकडे असतात. एक चावला तर शंभरातली तब्येत थेट एकवर येते. मरत नाही तुम्ही, पण त्या एकवर उभं राहून पुढचे काही सेकंद काढायचे. मरणापेक्षा ते वाईट, कारण मेलं की निदान लोड तरी होतं.

पण मला खरी घाबरवणारी गोष्ट नंतर कळली. रेव्हनहोम हे खाणकाम करणाऱ्यांचं गाव होतं. सत्ताधाऱ्यांपासून लपलेले लोक तिथं राहायचे. एक दिवस त्यांच्यावर तोफगोळ्यांचा मारा झाला आणि त्या गोळ्यांत भरलेले होते हेडक्रॅब, माणसाच्या डोक्यावर बसून त्याचं झोंबी करणारे जीव. ती रिकामी नळकांडी अजून छपरांत घुसलेली दिसतात. म्हणजे आपण ज्यांना मारतोय ते गावकरीच आहेत. चाहत्यांनी झोंबीचं ओरडणं उलटं वाजवून बघितलं, तर त्यात देवाचा धावा आणि मदतीची हाक ऐकू येते. आणि गावात एकच माणूस शुद्धीवर उरलाय, फादर ग्रिगोरी. थोडा वेडा झालाय, पण पळून गेलेला नाही. तो त्यांना अजून आपली माणसं म्हणतो. आपल्याला स्मशानातून बाहेरच्या वाटेपर्यंत सोडतो आणि स्वतः मागं वळतो.

इथं मला थोडं थांबायचंय. डूम आला त्याच्या सुमारे सव्वादोन महिने आधी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला होता. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, अशी घरं झोपलेल्या माणसांवर बसली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसं गेली. कितीतरी गावं नव्या जागी वसवली गेली, रुंद रस्ते आणि सरळ ओळींतली घरं घेऊन. माझा तेव्हा जन्मही झाला नव्हता. पण औशाच्या बाजूला आमचे पाहुणे आहेत, आणि त्यांच्या बोलण्यात आजही दोन गावं असतात, 'जुनं गाव' आणि 'नवं गाव'. आमची आजी कित्येक वर्षं दाराजवळच झोपायची. विचारलं तर म्हणायची, "इथं वारं लागतंय बाळा." वारं लागायचं हे खरं, पण ते कारण नव्हतं.

मी दोन्हींची तुलना करत नाहीये. एक खेळ आहे, दुसऱ्यात आपली माणसं गेली. पण रेव्हनहोम खेळताना आम्हा सहा जणांपैकी लातूरकडचे तिघं एका रिकाम्या घरात एकदम गप्प झाले होते. तिथं राक्षस नव्हता. नुसतं घर होतं, सामान जागच्या जागी आणि माणूस नाही. भीती राक्षसाची असते तेव्हा बंदूक पुरते. गाव ओस पडल्याची भीती असते तेव्हा बंदुकीचा काही उपयोग नसतो. माझ्या मते व्हॉल्व्हच्या लोकांना हे कळलं होतं, म्हणून त्यांनी त्या गावात एक ग्रिगोरी ठेवला. इथं माणसं राहायची, हे आठवून सांगणारा कुणीतरी.

आता पुण्यात गेम स्टुडिओ आहेत, आपल्याकडची पोरं युनिटी शिकतायत, मला मेसेज करतात की मराठी हॉरर गेम करायचाय, हडळ ठेवू की मुंजा? ठेवा, मजा येईल. पण आधी गाव बांधा. चूल कुठं होती, उखळ कुठं, देवळीत काय ठेवलेलं, माळवदावर काय वाळत घातलेलं. खेळणाऱ्याला ते घर ओळखीचं वाटलं पाहिजे. मग मुंजा नाही आला तरी तो घाबरेल, आणि बाहेर पडल्यावर घरी फोन लावेल.

हाफ-लाइफ २ आजही साध्या लॅपटॉपवर चालतो. हेडफोन लावून खेळा. आणि टॉर्च जपून वापरा.

भेटू पुढच्या भागात.