अध्यापक महाविद्यालय : प्राध्यापक व कर्मचारीवर्ग

पदवीधरांना माध्यमिक शिक्षक म्हणून तयार करणाऱ्या बी.एड. महाविद्यालयातील प्राचार्य, प्राध्यापक, ग्रंथपाल, प्रयोगशाळा व कार्यालयीन सेवक यांचा समूह. या महाविद्यालयांना अध्यापक महाविद्यालय किंवा शिक्षणशास्त्र महाविद्यालय म्हणतात. प्राथमिक शिक्षकांची पदविका देणारी अध्यापक विद्यालये आणि जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था यांची पदरचना निराळी असल्याने त्यांचा विचार येथे केलेला नाही. नोंदीचा भर महाराष्ट्रावर आहे.

अध्यापक महाविद्यालयातील प्राध्यापकाचे काम दोन ठिकाणी चालते. सकाळी तो स्वतःच्या वर्गात शिक्षणाचे तत्त्वज्ञान किंवा अध्ययनाचे मानसशास्त्र शिकवतो आणि तासाभराने एखाद्या शाळेत आठवीच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसून आपल्या छात्राध्यापकाचा पाठ पाहत असतो. त्याची खरी कसोटी या दुसऱ्या ठिकाणी लागते. महाविद्यालयातील उरलेल्या सगळ्यांची कामे, अगदी भांडारातून नकाशा काढून देण्यापर्यंतची, त्या पाठाभोवतीच गुंफलेली असतात.

मुंबईत 1906 साली सरकारी सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज सुरू झाले, तिथून आपल्याकडच्या माध्यमिक शिक्षकांच्या पद्धतशीर प्रशिक्षणाची वाटचाल सांगता येते. त्याआधी दोन वर्षे, 1904 च्या शैक्षणिक धोरणविषयक सरकारी ठरावात, प्रशिक्षण महाविद्यालयाला सराव शाळेची जोड हवी आणि शास्त्र व सराव बरोबरीने चालावेत असा आग्रह धरला गेला होता. पुढे मुंबई विद्यापीठाची बी.टी. पदवी आली, तिचीच जागा नंतर बी.एड. ने घेतली. पुण्यात शिक्षण प्रसारक मंडळीने 1941 मध्ये टिळक शिक्षण महाविद्यालय काढले. मंडळीकडे नूतन मराठी विद्यालयासारखी जुनी, नावाजलेली शाळा आधीपासून होती. शाळा आणि अध्यापक महाविद्यालय एकाच संस्थेचे असले की मुख्याध्यापक व प्राचार्य एकमेकांना ओळखतात, वेळापत्रक जुळते आणि पाठांसाठी वर्ग मिळवताना आर्जवे करावी लागत नाहीत. ज्या महाविद्यालयामागे अशी शाळा नाही, त्याच्या प्राध्यापकांची निम्मी शक्ती वर्ग मिळवण्यात जाते.

पदांची संख्या व पात्रता राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद ठरवते. परिषदेचा कायदा 1993 चा असून ती 1995 पासून वैधानिक संस्था म्हणून काम करते. तिच्या 2014 च्या विनियमांनी बी.एड. एक वर्षाऐवजी दोन वर्षांचे केले आणि 2015-16 पासून ते लागू झाले. पन्नास विद्यार्थ्यांची एक तुकडी हे मूळ एकक धरले आहे. दोन तुकड्यांना प्रवेश दिला तर दोन वर्षांचे मिळून 200 विद्यार्थी होतात आणि त्यांच्यासाठी 16 पूर्णवेळ प्राध्यापक लागतात : प्राचार्य 1, शिक्षणाच्या पायाभूत विषयांसाठी 4, भाषा, गणित, विज्ञान व सामाजिक शास्त्रे यांच्या अध्यापन पद्धतींसाठी 8, आणि आरोग्य व शारीरिक शिक्षण, दृश्यकला व प्रयोगकला यांसाठी प्रत्येकी 1. एकच तुकडी असेल तर 8 प्राध्यापक पुरतात. प्राचार्याला पदव्युत्तर पदवी व एम.एड. दोन्ही किमान 55 टक्क्यांनी, पीएच.डी. आणि अध्यापक महाविद्यालयातील 8 वर्षांचा अनुभव आवश्यक आहे. पद्धतीच्या प्राध्यापकाकडे त्या शालेय विषयाची पदव्युत्तर पदवी आणि एम.एड. अशा दोन्ही पदव्या हव्यात. ही दुहेरी अट योग्य आहे. ज्याला स्वतःला भूमिती नीट येत नाही, तो छात्राध्यापकाच्या भूमितीच्या पाठातली खरी चूक पकडू शकत नाही. तो फार तर फळ्यावरच्या अक्षरावर शेरा मारतो.

मात्र विनियम माणसे मोजतात. ती शेवटच्या बाकावर किती तास बसतील हे त्यांतून कळत नाही. सूक्ष्म अध्यापनाचे उदाहरण घेऊ. हे तंत्र 1963 च्या सुमारास अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात आकाराला आले. भारतात रूढ झालेल्या प्रतिमानात एका कौशल्याचे एक चक्र 36 मिनिटांचे असते : 6 मिनिटे पाठ, 6 मिनिटे प्रत्याभरण, 12 मिनिटे पुनर्नियोजन, 6 मिनिटे पुन्हा पाठ आणि 6 मिनिटे पुन्हा प्रत्याभरण. पुनर्नियोजन विद्यार्थी एकटा करतो; त्या वेळेत दुसऱ्याचा पाठ घेता येतो. उरलेली 24 मिनिटे मार्गदर्शक समोर हवाच. दहाजणांच्या गटाला म्हणजे एका कौशल्यासाठी त्याचे 4 तास लागतात. सज्जता प्रवर्तन, प्रश्न, स्पष्टीकरण, चेतक बदल, फलकलेखन अशी पाचच कौशल्ये घेतली तरी एका गटामागे 20 तास होतात, आणि त्यानंतर ती कौशल्ये एकत्र गुंफणारा सेतुपाठ उरतोच. गटात वीसजण कोंबले की वेळ दुप्पट लागतो. तेवढा वेळ नसतो, म्हणून आधी ‘पुन्हा पाठ’ गळतो, मग प्रत्याभरण दोन वाक्यांवर येते. चुकलेला पाठ लगेच सुधारून पुन्हा घेणे हा या तंत्राचा प्राण आहे आणि नेमका तोच पहिल्यांदा जातो. प्राध्यापकांची दोन पदे रिकामी राहिल्याचा परिणाम विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचतो तो असा.

सराव पाठाची रीत सर्वत्र साधारण सारखी आहे. छात्राध्यापक शाळेतील विषयशिक्षकाकडून घटक मागून आणतो, पाठाचे टाचण लिहितो आणि पद्धतीच्या प्राध्यापकाला दाखवतो. टाचणावर सही झाल्याशिवाय पाठ घेता येत नाही. पाठाच्या वेळी मार्गदर्शक मागे बसून निरीक्षण लिहितो. सोबतचे दोन-तीन छात्राध्यापकही आपापल्या वहीत नोंदी करतात. पाठानंतर व्हरांड्यात किंवा शिक्षक कक्षात चर्चा होते. या चर्चेतूनच शिक्षक घडतो असे म्हणायला हरकत नाही. ‘पाठ चांगला झाला, आवाज सुस्पष्ट, फलकलेखन सुधारावे’ हा शेरा पन्नास वह्यांत सारखाच उतरू शकतो आणि त्याने कुणाचे काही सुधारत नाही. याउलट, ‘अपूर्णांकांच्या भागाकारात दुसऱ्या अपूर्णांकाचा व्यस्त का घ्यायचा हे सांगितले नाही, नियम दिला; खिडकीकडच्या रांगेला एकही प्रश्न गेला नाही; समजले का असे वारंवार विचारले, पण कुणाचीही वही पाहिली नाही’ असे लिहिले की दुसऱ्या दिवशीचा पाठ बदलतो. असा शेरा लिहायला पूर्ण तास एकाग्रतेने बसावे लागते. एका वेळी तीन वर्गांत डोकावून सह्या करणाऱ्या मार्गदर्शकाला तो लिहिता येत नाही.

दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात शाळेतील प्रत्यक्ष कामासाठी 20 आठवडे आहेत : पहिल्या वर्षी 4 आणि दुसऱ्या वर्षी 16. याला छात्रसेवाकाल किंवा आंतरवासिता म्हणतात आणि त्यात 90 टक्के उपस्थिती सक्तीची आहे. या काळात छात्राध्यापक परिपाठाला उभा राहतो, हजेरीपट भरतो, चाचणी काढतो व तपासतो, पालकसभेला बसतो. त्याला रोज पाहणारी व्यक्ती शाळेतील विषयशिक्षक असते. महाविद्यालयाच्या हजेरीपटावर तिचे नाव नसते, आणि स्वतःचा अभ्यासक्रम पुरा करण्याची जबाबदारी सांभाळून ती आपला वर्ग नवख्याच्या हाती देते. दहावीच्या वर्गाबाबत मुख्याध्यापक सहसा नकार देतात. ते समजण्यासारखे आहे. अध्यापक महाविद्यालयाच्या ज्या अध्यापकाची दखल सर्वांत कमी घेतली जाते तो हा विषयशिक्षकच, असे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे. त्याला महाविद्यालयाच्या नियोजन बैठकीला बोलावणे, त्याच्या शेऱ्याला अंतर्गत मूल्यमापनात वजन देणे, एवढे तरी प्रत्येक महाविद्यालयाला जमू शकते. कोठारी आयोगाने (1964–66) प्रशिक्षण संस्था विद्यापीठापासून, शाळांपासून आणि एकमेकींपासूनही तुटलेल्या आहेत असे निदान केले होते. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक होते. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात त्यांनी खेड्यातल्या शिक्षणाचे काम जवळून केले होते. त्या निदानातला शाळांविषयीचा भाग आजही लागू पडतो.

अध्यापनेतर पदेही विनियमांत नेमून दिली आहेत. दोन तुकड्यांच्या महाविद्यालयात ग्रंथपाल, प्रयोगशाळा सहायक, लेखा सांभाळणारा कार्यालयीन सहायक, संगणक चालवणारा कार्यालयीन सहायक, भांडारपाल व तांत्रिक सहायक प्रत्येकी एक, आणि परिचर किंवा मदतनीस दोन असावेत. प्रत्यक्षात लहान महाविद्यालयांत यातली तीन-चार कामे एकाच लिपिकाकडे येतात. प्रवेश परीक्षेनंतरच्या केंद्रीय फेऱ्यांतील कागदपत्रांची तपासणी, विद्यापीठाची पात्रता, महाडीबीटीवरील शिष्यवृत्तीचे अर्ज, परीक्षेचे फॉर्म, आवक-जावक, प्राध्यापकांची सेवापुस्तके, बिंदुनामावली, शाळांना द्यायची विनंतीपत्रे हे सगळे त्याच्या टेबलावरून जाते. यातले शाळांचे पत्र आठवडाभर उशिरा गेले तर घटक चाचणी मध्ये येते आणि पाठांचा पंधरवडा वाया जातो. मुरलेल्या मुख्य लिपिकाला तालुक्यातल्या कोणत्या शाळेत कोणत्या महिन्यात जागा मिळते हे तोंडपाठ असते, आणि नव्या प्राचार्याने पहिल्या दिवशी त्याच्याजवळ बसावे हे उत्तम.

ग्रंथपालाचे काम इतर महाविद्यालयांपेक्षा वेगळे पडते. विनियमांप्रमाणे ग्रंथालयात किमान एक हजार शीर्षके व तीन हजार पुस्तके हवीत. पण छात्राध्यापकाला संदर्भग्रंथांइतकीच बालभारतीची चालू पाठ्यपुस्तके लागतात. दहावीची पुस्तके 2018 मध्ये बदलली तशी ती इयत्तागणिक बदलत जातात, आणि कपाटात जुनी प्रत पुढे राहिली तर टाचण कालबाह्य पुस्तकावर बेतले जाते. दक्ष ग्रंथपाल दर जूनमध्ये पाठ्यपुस्तकांचा नवा संच आणून जुना वेगळ्या फळीवर हलवतो. जुना टाकून देत नाही, कारण दोन अभ्यासक्रमांची तुलना हा प्रात्यक्षिकाचा चांगला विषय होतो. राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचे ‘जीवन शिक्षण’ मासिक वाचनकक्षात दिसावे इतके तरी अपेक्षित आहे. भांडारात गुंडाळीफळा, खादीफलक, नकाशे, तक्ते, प्रतिकृती असतात. पाठाच्या दिवशी सकाळी साडेनऊच्या आत ते वाटून संपतात. नकाशा उलटा गुंडाळलेला किंवा वरची काठी तुटलेली निघाली तर भूगोलाच्या पाठाची पहिली पाच मिनिटे तो भिंतीला टेकवण्यात जातात.

सेवेची स्थिती हा या विषयातला दुखरा भाग आहे. शासकीय व अनुदानित महाविद्यालयांत वेतन शासनाकडून येते, पण रिक्त पदे वर्षानुवर्षे भरली जात नाहीत. विनाअनुदानित महाविद्यालयांची संख्या मोठी. तिथले वेतन शुल्कातून निघते, आणि ते शुल्क 2015 च्या राज्य कायद्याखालील शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. प्रवेशाच्या जागा रिकाम्या राहिल्या की आधी पगार लांबतो. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्याला घेतलेल्या तासांचेच मानधन मिळते. टाचण तपासणे, शाळेपर्यंतचा प्रवास, पाठानंतरची चर्चा हे त्यात बहुधा धरले जात नाही. म्हणजे ज्या कामासाठी हे महाविद्यालय आहे, तेच काम फुकट करावे लागते. काही ठिकाणी प्राध्यापकांची यादी तपासणीपुरती भरते, हेही लपून राहिलेले नाही. महाराष्ट्रातील 291 पदविका संस्थांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तेव्हा न्यायालयाने न्या. जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. आयोगाचा अहवाल 2012 मध्ये आला. त्याने या संस्थांपैकी बहुसंख्य अपात्र ठरवल्या आणि देशभरच्या अध्यापक शिक्षणाच्या बाजारीकरणावर बोट ठेवले. दोन वर्षांचे बी.एड. आणि 2014 चे वाढीव पदसंख्येचे विनियम त्या अहवालानंतर आले. प्राध्यापकांची माहिती छायाचित्रासह संस्थेच्या संकेतस्थळावर देण्याचे बंधनही आहे.

महाराष्ट्राबाहेर गोव्यात पणजीची 1963 पासूनची निर्मला इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन आणि फोंड्याचे दादा वैद्य शिक्षण महाविद्यालय ही परिचित नावे आहेत. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे बी.एड. सेवेतील शिक्षकांसाठी आहे. तिथे स्थायी प्राध्यापकवर्गाऐवजी अभ्यासकेंद्राचे संयोजक व समंत्रक हा डोलारा सांभाळतात, आणि विद्यार्थी स्वतःच्याच शाळेत शिकवत असल्याने सराव शाळेचा प्रश्न सुटतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम पुढे आणला. 2030 पर्यंत तोच शिक्षकपदासाठी किमान पात्रता व्हावा आणि अध्यापक शिक्षण बहुविद्याशाखीय संस्थांत हलावे असा धोरणाचा रोख आहे. 2023-24 पासून निवडक संस्थांत तो प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला. स्वतंत्र अध्यापक महाविद्यालयांतील प्राध्यापकांपुढे यामुळे एखाद्या मोठ्या महाविद्यालयाचा विभाग होण्याचा किंवा स्वतः कला-विज्ञान शाखा काढण्याचा प्रश्न उभा आहे. शिक्षणशास्त्र विभागात विविध पार्श्वभूमीची माणसे असावीत आणि प्रत्यक्ष अध्यापनाच्या अनुभवाला मोल असावे, असे धोरण म्हणते. शाळेत दहा-पंधरा वर्षे शिकवलेल्या विषयशिक्षकांना या विभागांत नेमण्याची वाट त्यातून निघते, आणि ती घ्यायला हवी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांत सहायक प्राध्यापकाला आठवड्याला 16 तास प्रत्यक्ष अध्यापन आहे. नव्या रचनेत पाठ निरीक्षण आणि त्यानंतरची चर्चा या तासांत पूर्णपणे धरली जावी, अशी मागणी प्राध्यापकांच्या संघटनांनी व विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांनी आताच लावून धरणे आवश्यक आहे.