पुठ्ठ्याचे अग्निबाण

नागपूरच्या पूर्वभागांतील लकडगंज ह्या वस्तीचें नांवच तिचा धंदा सांगतें. सागाचे ओंडके, फळ्यांच्या थप्प्या आणि आरामशिनींचा कर्कश आवाज ह्यांनीं ओळखली जाणारी ही पेठ इतवारी-बुधवारीच्या जुन्या नागपुराला लागून आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं ह्या जुन्या भागांतून काळी आणि पिवळी मारबत मिरवीत नेण्याची रीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून चालत आली आहे. बांबूच्या कामट्या आणि कागद ह्यांच्या त्या प्रचंड स्त्रीमूर्ति. त्यांच्याबरोबर महागाईची, लांचखाऊ अंमलदारांची आणि पुढाऱ्यांची टर उडविणारे बडगे. आणि इडापिडा व रोगराई घेऊन जाण्याविषयीं मारबतीला घातलेल्या हांका. मूर्तींच्या आंत काय आहे, हें त्या गर्दींतल्या पोराटोरांनाहि ठाऊक असतें. कामट्या कोणीं बांधल्या आणि कागद कोणीं चिकटविले, हेंहि पुष्कळांना ठाऊक असतें. तरीहि आरोळी खोटी नसते.

पुठ्ठ्याचे अग्निबाण, तारेवर लोंबणारीं विमानें आणि चमकीचे झगे घातलेले परग्रहावरचे राजे ज्यांत आहेत, असे विज्ञान-साहसाचे भडक चित्रपट सुशिक्षितांनीं वारंवार हंसण्यावारीं नेले. तरी ते पिढ्यानुपिढ्या आवडीनें पाहिले गेले. ह्या आवडीचा उलगडा करूं पाहणाऱ्यानें पंडितांचे ग्रंथ उघडण्यापूर्वीं ही मिरवणूक एकदां पाहावी, हें बरें.

चित्रपटांतील अद्भुताचा जन्मच मुळीं जादूगाराच्या घरीं झाला. पॅरिसमधील जॉर्ज मेलियस हा जादूच्या खेळांचें नाटकगृह चालवीत असे. त्यानें १९०२ सालीं चंद्रावरील सफरीचा सुमारें चौदा मिनिटांचा मूकपट काढला. तोफेंतून उडालेला गोळा चंद्राच्या डोळ्यांत रुततो, हें त्यांतील दृश्य आजहि जगभर ओळखलें जातें. मूळ कल्पना बरीचशी ज्यूल व्हर्नच्या १८६५ सालच्या कादंबरीची. मराठी वाचकांना हा विषय नवा नव्हता; ‘केरळ कोकिळ’ मासिकानें १९०० सालापासूनच ‘चंद्रलोकची सफर’ छापावयास घेतली होती.

इकडे धुंडिराज गोविंद फाळके हेहि कांहीं काळ जादूगारच होते. आपलें आडनांव उलटें करून ‘प्रोफेसर केळफा’ ह्या नांवानें ते प्रयोग करीत. १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित करण्यापूर्वीं त्यांनीं भांडवलदारांची खात्री पटविण्यासाठीं काय दाखविलें? देव नव्हे, राजा नव्हे, तर कुंडींतला एक वाटाणा. रोज थोडथोडें छायाचित्रण करून त्यांनीं त्याचा कोंब भराभर वाढतांना दाखविला. हा वनस्पतिशास्त्राचा धडा होता कीं जादूचा प्रयोग, हें ठरविणें कठीण आहे, आणि ठरविण्याचें कारणहि नाहीं. १९१७ सालच्या ‘लंकादहना’त हनुमान उडाला, तो ह्याच विद्येच्या बळावर. त्याच चित्रपटांत अण्णा साळुंके ह्या एकाच नटानें राम आणि सीता ह्या दोन्ही भूमिका केल्या. प्रेक्षकांनीं तेंहि गोड मानून घेतलें.

बोलपटांच्या काळांत ह्या विद्येला खरा कारागीर मिळाला. १९३३ सालीं अमेरिकेंत एच्‌. जी. वेल्सच्या कादंबरीवरून अदृश्य माणसाचा चित्रपट निघाला. तेथें नटाला काळें मखमल पांघरवून, काळ्या मखमलीच्याच पडद्यापुढें त्याचें चित्रण करीत आणि मग प्रयोगशाळेंत अनेक फिल्मांचा मेळ घालीत. हें खर्चाचें काम होतें. मुंबईच्या प्रकाश पिक्चर्सचे विजय भट्ट ह्यांनीं त्याच धर्तीवर १९३७ सालीं ‘ख्वाब की दुनिया’ काढला. तेव्हां सुरतेचा बाबूभाई मिस्त्री हा जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांचा तरुण त्यांच्याकडे होता. त्यानें काळ्या पार्श्वभूमीपुढें काळ्या दोऱ्यानें वस्तु हालविल्या. काळ्यावर काळें कॅमेऱ्याला दिसत नाहीं, एवढाच त्यांतला सिद्धान्त. परंतु पडद्यावर वस्तु आपोआप चालूं लागल्या, आणि त्या पोराला ‘काला धागा’ असें टोपणनांव पडलें. तें त्याला जन्मभर पुरलें. साऱ्या चित्रपटधंद्यांत ह्याहून मानाची पदवी क्वचितच कोणाला मिळाली असेल.

वाडिया बंधूंचें परळ येथील घराणें ह्याच परंपरेंतलें. १९३५ सालच्या ‘हंटरवाली’ला वितरक मिळेनात, तेव्हां तो त्यांनीं स्वतःच प्रदर्शित केला, आणि ऑस्ट्रेलियांत जन्मलेली मेरी इव्हान्स ‘नाडिया’ ह्या नांवानें घरोघरीं माहीत झाली. १९३७ सालच्या ‘तुफानी टारझन’मध्यें शास्त्रज्ञाचें संशोधन आणि जंगलांतील झुंजी एकाच भांड्यांत शिजल्या. वाडियांचा स्टूडिओ पुढें १९४२ सालीं व्ही. शांताराम ह्यांच्याकडे गेला आणि तेथें ‘राजकमल’ उभें राहिलें. ज्या आवारांत नाडियानें उड्या मारल्या, तेथेंच ‘शकुंतला’ अवतरली. विदर्भाचा वांटाहि ह्या मारधाडीच्या जगांत आहे. अमरावतीस जन्मलेले भगवान आबाजी पालव ‘अलबेला’मुळें १९५१ सालीं कीर्तीस चढले खरे, पण त्यापूर्वीं अनेक वर्षें स्वस्तांतले स्टंटपट काढणें हाच त्यांचा व्यवसाय होता.

स्वातंत्र्यानंतर अदृश्य माणूस पुन्हां आला. १९५७ सालीं नानाभाई भट्टांच्या ‘मिस्टर एक्स’मध्यें अशोककुमार अदृश्य झाले, १९६४ सालीं ‘मिस्टर एक्स इन बॉम्बे’मध्यें किशोरकुमार. पण कळस झाला १९६७ सालीं. त्या वर्षीं ‘वहाँ के लोग’मध्यें मंगळावरच्या लोकांची हूल उठली आणि ‘चाँद पर चढाई’मध्यें दारासिंग चंद्रावर पोहोंचले. अमेरिकेचा नील आर्मस्ट्राँग तेथें पोहोंचला १९६९ च्या जुलैंत; म्हणजे भारतीय पहिलवानानें त्याच्यावर दोन वर्षांची आघाडी घेतली! ह्या चंद्रावर माणसें आहेत, नाचगाणें आहे आणि मुख्य म्हणजे कुस्ती आहे. हवा नसलेल्या ठिकाणीं दम कसा लागतो, हा प्रश्न विचारणाऱ्यानें तिकिटाचे पैसे परत घ्यावे.

येथेंच ह्या आवडीचें मर्म सांपडतें. हे चित्रपट विज्ञान चुकीचें सांगत होते, असा आक्षेप नेहमीं घेतला जातो. पण चंद्राविषयींची माहिती मिळवावयास तेथें कोणी गेलेंच नव्हतें. ती माहिती खोटी ठरल्यानें चित्रपटाचें कांहीं बिघडत नाहीं. उलट जे चित्रपट तपशिलाच्या अचूकपणावर उभे राहतात, ते दहा वर्षांत जुने होतात. कारण पुढचा चित्रपट अधिक अचूक असतो. २०२३ च्या ऑगस्टांत भारताचें चांद्रयान-३ खरोखरीच चंद्रावर उतरलें. त्यानें दारासिंगांच्या चंद्राला धक्का लागला नाहीं. तो चंद्र मुळीं आकाशांत नव्हताच. तो आखाड्याच्या शेजारीं होता.

पाश्चात्यांकडेहि हेंच घडलें. ‘फ्लॅश गॉर्डन’ हा चित्रकथेचा नायक १९३४ सालीं निघाला आणि १९३६ सालीं तेरा भागांच्या मालिकापटांत उतरला. इकडील मुलांना तो पुढें इंद्रजाल कॉमिक्सच्या पानांतून, वेताळ आणि मँड्रेक ह्यांच्या पंक्तींत बसलेला भेटला. जॉर्ज ल्यूकसला ह्याच कथेचे हक्क हवे होते; ते मिळाले नाहींत, तेव्हां त्यानें स्वतःचें विश्व रचलें, आणि १९७७ सालीं ‘स्टार वॉर्स’ आला. पण १९८० सालीं ‘फ्लॅश गॉर्डन’ नव्यानें काढणाऱ्यांनीं ल्यूकसच्या वाटेनें न जातां जुना भडकपणाच दुप्पट केला. ह्या भडक रसिकतेवर सुझन सोंटॅग ह्या अमेरिकन लेखिकेनें १९६४ सालीं एक प्रसिद्ध निबंध लिहिला. भोळेपणानें, मनापासून केलेला अतिरेक निराळा आणि जाणूनबुजून केलेला निराळा, व पहिल्याचीच गोडी अधिक, असा तिचा निवाडा आहे.

हा निवाडा मराठी चित्रपटाला लावून पाहिला तर बराचसा पटतो, पण पुरता नाहीं. महेश कोठारे ह्यांच्या १९९० सालच्या ‘धडाकेबाज’मध्यें बाटलींत राहणारा इवलासा गंगाराम आहे आणि कवटीचा मुखवटा घातलेला कवट्या महाकाळ हा खलनायक आहे. १९९३ सालच्या ‘झपाटलेला’मध्यें रामदास पाध्ये ह्यांनीं घडविलेल्या बाहुल्यांत तात्या विंचूचा आत्मा शिरतो. हें सारें हास्यास्पद आहे, हें दिग्दर्शकाला पुरतें ठाऊक आहे. तरी तो त्याची थट्टा करीत नाहीं. बाहुली माणसाच्या अंगावर धांवून येते तेव्हां ती भीतिदायकच वाटावी, अशी त्याची खटपट असते. हिंदींत १९८७ सालच्या ‘मिस्टर इंडिया’चेंहि तेंच. अदृश्य माणूस लाल प्रकाशांत दिसतो, ही युक्ति काळ्या दोऱ्याच्याच जातीची: खर्च थोडा, आणि गंमत प्रत्येक मुलाला समजणारी. अमरीश पुरींनीं मोगँबो रंगविला तो विनोद म्हणून नव्हे. जेथें करणारा स्वतःच डोळा मिचकावूं लागतो, तेथें मात्र खेळ मोडतो. अलीकडे मुद्दाम वाईट काढलेले कितीतरी चित्रपट दिसतात. ते दुसऱ्यांदा कोणी पाहत नाहीं.

खुद्द नागपुरानें ह्या परंपरेला एक पाहुणा दिला. नागपुरांत वाढलेले, आणि ज्यांच्या वडिलांची येथें टंकलेखनाची शाळा होती, ते राजकुमार हिरानी ह्यांनीं २०१४ सालीं ‘पीके’ काढला. परग्रहावरून आलेला माणूस राजस्थानच्या वाळूंत उघडाबोडका उतरतो, त्याच्या गळ्यांतलें यंत्र चोरीस जातें, आणि मग तो भेटेल त्याला भलतेसलते प्रश्न विचारीत सुटतो. अंतराळयान क्षणभर दिसतें न दिसतें. पुढें सारें देवाच्या नांवानें चालणाऱ्या दुकानदारीची टर उडविणें आहे. बडग्याहि दुसरें काय करतो?

मात्र ह्या आवडीला एक दुखरी बाजू आहे. ज्यांना कोणी कला मानीत नव्हतें, त्या चित्रपटांच्या प्रति जपाव्या असें कोणाला वाटलें नाहीं. जुनी नायट्रेट फिल्म चटकन पेट घेते आणि आपोआप कुजतेहि. शिवाय तिच्यांतील चांदीसाठीं कित्येक रिळें भंगारांत गेलीं. पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालें तें १९६४ सालीं, आणि तोंवर मूकपटांपैकीं बहुतेक नाहींसे झाले होते. १९३१ सालच्या ‘आलम आरा’सारख्या मानाच्या पहिल्या बोलपटाचीहि प्रत आज उपलब्ध नाहीं, मग स्टंटपटांची काय कथा? जानेवारी २००३ मध्यें पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारांत लागलेल्या आगींत आणखी पुष्कळ जुनीं रिळें जळालीं. वाडियांचे कांहीं चित्रपट वांचले, त्यांत त्या कुटुंबाच्या आस्थेचा मोठा वांटा आहे. त्याच घरांतील रियाद वाडिया ह्यांनीं १९९३ सालीं नाडियावर माहितीपट केला, तेव्हां ती वयाच्या पंचाऐशींत होती. आपलें नांव परदेशांतील महोत्सवांत पुन्हां गाजलेलें तिला पाहावयास मिळालें. १९९६ सालीं ती वारली.

फाळक्यांच्या चित्रपटांपैकीं ‘कालिया मर्दन’ हा १९१९ सालचा मूकपट बराचसा शाबूत राहिला आहे. त्यांत कृष्ण झाली आहे ती त्यांची सात वर्षांची कन्या मंदाकिनी. चित्रपटाच्या आरंभीं फाळके तिला कृष्णाच्या वेषांत आणीत नाहींत. प्रथम ती घरची साधी मुलगी म्हणून कॅमेऱ्यासमोर येते, चेहऱ्यावर एकेक भाव आणून दाखविते, प्रेक्षक तिला नीट न्याहाळतात. आणि मग डोळ्यांदेखत तिचा कृष्ण होतो. त्यानंतर पाण्यांत शिरून ती त्या बनावट नागाशीं झुंजते.