नर कोणता, मादी कोणती?

मंडळी, आज इतिहास सांगणार आहे, पण राजेरजवाड्यांचा नाही, एका माशाचा. उजनी धरणाच्या काठावर त्याला चिलापी म्हणतात, पुस्तकात टिलापिया. मूळचा मोझांबिककडचा. कुळ सिक्लिड. घरातल्या काचेच्या टाकीत फिरणारे एंजल आणि ऑस्कर याच कुळातले, आणि कोकण-गोव्याच्या खाडीतला आपला कालुंदरही!

या कुळाला पिलांची फार माया. बहुतेक मासे अंडी टाकतात आणि चालते होतात. कालुंदरची जोडी मात्र अंड्यांवर पहारा देते. टिलापियाची मादी तर त्याहून पुढची. नर तळाच्या वाळूत खळगा करतो, मादी तिथे अंडी घालते आणि लगेच तोंडात घेते. पुढचे दहा-बारा दिवस ती जवळजवळ उपाशीच असते. पिले पोहू लागल्यावरही धोका दिसला की आईच्या तोंडात शिरतात.

या मायेचाच पुढे प्रश्न झाला. १९३०च्या दशकात जावा बेटावर मुजाइर नावाच्या माणसाला हा मासा सापडला. त्याने तो तळ्यात वाढवला. इंडोनेशियात आजही या माशाला त्याच्याच नावाने ओळखतात. तिथून तो आशियाभर पसरला. आपल्याकडे तो १९५२ साली आणला गेला. देश नुकताच स्वतंत्र झालेला, अन्नाची टंचाई. काहीही खाऊन वाढणारा आणि भराभर वाढणारा मासा म्हणजे गरिबाच्या ताटात स्वस्त प्रथिने. हेतू चांगलाच होता.

पण टिलापिया दोन-तीन महिन्यांतच वयात येतो. अंडी तोंडात सुरक्षित, त्यामुळे पिले जगतात फार. तळे बोटाएवढ्या माशांनी भरून जाते, कुणीच मोठा होत नाही, आणि रोहू-कटल्याच्या वाट्याचे अन्नही संपते. शेवटी १९५९ साली त्याचा प्रसार थांबवण्याचा निर्णय झाला. तोवर तो नदी-तलावांत पोचला होता. नदीत गेलेला मासा सरकारी आदेशाने थोडाच परत येतो!

मग जगभरच्या मत्स्यपालकांनी उपाय शोधला, तळ्यात फक्त नर ठेवायचे. नर वाढतोही लवकर. पण ओळखायचा कसा? विणीच्या काळात नर काळा पडतो, गळा पांढरा होतो. एरवी मासा उलटा धरून पोटाखाली पाहावे लागते. नराला तिथे दोन छिद्रे, मादीला तीन. हजारो मासे असे हाताने निवडायचे, आणि चार माद्या नजरेतून सुटल्या की मेहनत पाण्यात. १९६० साली हिकलिंग या ब्रिटिश शास्त्रज्ञाने मलाक्कातला प्रयोग प्रसिद्ध केला. दोन जातींच्या संकरातून सगळी पिले नर निपजली होती. त्यानंतर लहान पिलांच्या खाद्यात नराचे संप्रेरक मिसळण्याची पद्धत आली. म्हणजे जिच्या मायेमुळे हा मासा जगभर पसरला, त्या मादीलाच तळ्यातून वगळावे लागले. गंमत पाहा, परमुलखात उपद्रवी ठरलेला हा मोझांबिकचा मासा मायदेशी मात्र दुसऱ्या टिलापियाशी संकर होऊन धोक्यात आला आहे.

हे सगळे आठवायला कारण आमचा पुण्याचा नातू. फोनवर विचारत होता, "आजोबा, एंजलमध्ये नर कोणता?" रंगावरून कळत नाही, बाळा. अंडी घालायच्या वेळी पोटाखाली छोटी नळी दिसते. नराची बारीक, टोकदार, मादीची जाड, बोथट. त्यापेक्षा पाच-सहा पिले एकत्र वाढवावीत, जोडी ती आपली आपण जमवतात. कधी दोन माद्याही जोडी करतात. मग अंडी पांढरी पडली की समजावे.

पुढचा प्रश्न होता, "खूप पिले झाली तर किनवटला आणून पैनगंगेत सोडू का?" नाही म्हणजे नाही. एंजल तिथे जगेल की मरेल हा मुद्दाच नाही. नदी म्हणजे आपली जास्तीची टाकी नव्हे. मरळ, वाम यांचे ते घर आहे, आणि त्यावर भोई मंडळींची चूल पेटते. जास्तीची पिले दुकानदाराला द्यावीत, दुसऱ्या शौकिनाला द्यावीत. ते जमणार नसेल तर जोडी वेगळी ठेवावी.

ज्यांच्या घरी टाकी आहे त्या सगळ्यांना माझे हेच सांगणे: नर-मादी ओळखायला जरूर शिका, पण जोडी लावण्याआधी पिलांची सोय कुठे करणार तेही ठरवून ठेवा.