चिपमधील तारांची दाटी : एका अभियांत्रिकी प्रश्नाचा इतिहास

संगणकीय चिपचा इतिहास बहुधा ट्रान्झिस्टरांच्या संख्येवरून लिहिला जातो. १९७१ च्या इंटेल ४००४ मध्ये सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. आज ही संख्या अब्जावधींत गेली आहे. हे ट्रान्झिस्टर परस्परांशी जोडणाऱ्या तारांसाठी जागा कोठून आणावयाची, हा प्रश्न मात्र या इतिहासात उपेक्षित राहिला. प्रस्तुत लेखात त्या प्रश्नाचा मागोवा घेतला आहे.

४००४ चा आराखडा हाताने रेखाटलेला होता. धातूचा थर एकच असल्याने तारा कोठे अडणार, हे रेखाटणाऱ्यास डोळ्यांनीच दिसे. हे काम संगणकाकडे गेले तेव्हा ही दृष्टी हरपली. बेल प्रयोगशाळेतील सी. वाय. ली यांनी १९६१ मध्ये मांडलेली रीत दोन बिंदूंमधील सर्वांत जवळचा मार्ग, तो अस्तित्वात असल्यास, हमखास शोधते. परंतु एका वेळी एकाच तारेचा. आधी टाकलेली तार नंतरच्या तारेची वाट अडवते, आणि कोणती तार प्रथम घ्यावी याचे उत्तर त्या रीतीत नाही.

या कोंडीवर वॉशिंग्टन विद्यापीठातील मॅकमर्ची व एबेलिंग यांनी १९९५ मध्ये ‘पाथफाइंडर’ ही पद्धत सुचविली. तिच्यात प्रथम सर्व तारांना हव्या त्या वाटेने जाऊ द्यावयाचे, एकाच जागेवर अनेकींनी हक्क सांगितला तरी चालेल. मग प्रत्येक फेरीत वादग्रस्त जागेची ‘किंमत’ वाढवीत न्यावयाची. ज्या तारेस दुसरा पर्याय आहे ती आपसूक बाजूला होते. जिला नाही ती तेथेच राहते. ही पद्धत एफपीजीए चिपसाठी होती, तरी तिचा प्रभाव त्यापलीकडे पोहोचला.

थर वाढवून प्रश्न सुटेल, अशीही अपेक्षा होती. आयबीएमने १९९७ मध्ये तांब्याचे सहा थर असलेले तंत्र जाहीर केले. परंतु वरच्या थरातील तारेस ट्रान्झिस्टरपर्यंत उतरण्यासाठी खालच्या थरांतील जागा व्यापावीच लागते. शिवाय दाटी सर्वत्र सारखी नसते. वसई-विरारच्या वाचकास हे सांगावयास नको : सकाळी स्थानकाच्या जिन्यावर होणारी कोंडी दिवसभराच्या प्रवासीसंख्येवरून कळत नाही. तारांची एकूण लांबी कमी असूनही एखाद्या कोपऱ्यात मार्ग उरत नाही. मग चिप मोठी करावी लागते किंवा तार वळसा घालते व संकेत उशिरा पोहोचतो. गेटांची मांडणी पूर्ण झाल्यावर हे लक्षात आले, तर झालेले काम पुन्हा करणे भाग पडते.

म्हणून दाटीचा विचार हळूहळू आधीच्या टप्प्यांकडे सरकला. मुंबईच्या आयआयटीतून १९८७ मध्ये पदवी घेतलेले व पुढे मिनेसोटा विद्यापीठात अध्यापन करणारे सचिन सापटणेकर यांचे कार्य येथे महत्त्वाचे ठरते. रूपेश शेलार, प्रशांत सक्सेना आदींसमवेत २००४ मध्ये त्यांनी असे सुचविले, की तर्करचना प्रत्यक्ष गेटांत बसवितानाच दाटीचे भाकीत करावे. दाट भागात तारा वाचविणारी निवड करावी, मोकळ्या भागात नेहमीचे निकष पाळावेत. सरसकट काटकसरीपेक्षा हा विवेक अधिक मोलाचा होता. सक्सेना, शेलार व सापटणेकर यांचा या विषयावरील स्वतंत्र ग्रंथ २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. २००५ च्या आंतरराष्ट्रीय मांडणी-स्पर्धेत तारांची एकूण लांबी हा निकष होता. २०११ च्या स्पर्धेत मात्र तारा प्रत्यक्ष बसतात की नाही, यावर मांडणी तपासली गेली.