वृद्धांचा शब्द : एका हक्काचा इतिहास

धानाची मळणी आटोपली की गोंदिया जिल्ह्यातील खेड्यांत वाटण्यांच्या गोष्टी निघतात. अशाच एका बैठकीस मला बोलावण्यात आले होते. विधवा आईने कोणाकडे राहावे, हा प्रश्न होता. थोरला मुलगा नागपूरला, मधला भिलाईला, धाकटा गावी. चार-चार महिन्यांची पाळी ठरली. आईच्या नावाची बांधी धाकट्याला बक्षीसपत्राने द्यावी, हेही ठरले. मीही संमतीची मान डोलावली. तेव्हा कोपऱ्यात बसलेली ती माउली हळूच म्हणाली, "फादर, मले त कोनी इचारलंच नाही."

मी ओशाळलो. यरीहोच्या वाटेवर आंधळा बार्तिमय हाका मारीत होता. त्याला काय हवे, हे उघड दिसत होते; तरीही प्रभू येशूने त्याची इच्छा त्याच्याच तोंडून ऐकून घेतली. हे शुभवर्तमान मी कितीदा वाचले होते!

वृद्धांना प्रथम आसरा मिळाला, मग अन्नाचा हक्क मिळाला आणि स्वतःचा शब्द अगदी अलीकडे मिळाला, असा हा इतिहास आहे. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात १८३९ च्या हिवाळ्यात झान झ्यूगाँ या श्रमजीवी स्त्रीने एका अंध, पंगू वृद्धेला घरी आणून स्वतःचे अंथरूण दिले. तेथून वृद्धसेवेला वाहिलेला धर्मभगिनींचा संघ उभा राहिला आणि १८८२ साली तो कलकत्त्यास आला. परंतु १८४३ मध्ये खुद्द झानला प्रमुखपदावरून दूर करण्यात आले होते. पुढे अखेरची सत्तावीस वर्षे ती आपल्याच संघाच्या मातृगृहात अज्ञातवासात राहिली. संस्थापिका कोण, हे तेथील तरुण भगिनींनाही ठाऊक नव्हते. १८७९ मध्ये ती निवर्तली. २००९ मध्ये तिला संतपद मिळाले. सेवेच्या घरातही वृद्धाचा शब्द हरवू शकतो, हे तिच्या चरित्रातून दिसते.

आपल्या देशात कायद्याने प्रथम अन्नाचा विचार केला. १८९८ च्या फौजदारी संहितेत पोटगी होती ती पत्नीला व मुलांना. आईवडिलांचा समावेश १९७३ च्या संहितेतील कलम १२५ ने झाला. १९५६ च्या हिंदू कायद्याने हिंदू मातापित्यांना स्वतंत्र आधार दिला होता. ख्रिस्ती मातापित्यांना मात्र तेव्हा कलम १२५ हाच आधार होता. त्यातही महिना ५०० रुपयांची मर्यादा होती. ती २००१ मध्ये उठली. विवाहित मुलीवरही हे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये महाराष्ट्रातील एका पित्याच्या दाव्यात ठरविले.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने पुढचे पाऊल टाकले. महाराष्ट्रात तो २००९ पासून लागू आहे. निर्वाहासाठी उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. कलम २३ आपल्या खेड्यांसाठी विशेष मोलाचे आहे: सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता घेऊन मुलाने सांभाळ केला नाही, तर तो व्यवहार रद्द ठरविता येतो. म्हणून अट दस्तात स्पष्ट लिहावी. त्याहून सुरक्षित मार्ग मृत्युपत्राचा. नोंदलेल्या बक्षीसपत्राने मालकी तत्काळ जाते. मृत्युपत्र हयातीत केव्हाही बदलता येते.

शेवटच्या आजाराविषयीचा शब्दही आता वृद्धाच्या हाती आहे. बरे होण्याची आशा नसता केवळ मृत्यू लांबविणारे उपचार नकोत, असे वैद्यकीय इच्छापत्र करण्यास सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी मान्यता दिली. २०२३ मध्ये रीत सोपी झाली: दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरीची किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्षांकना. आपल्यापैकी काहींना यात दयामरणाची शंका येते. ते वेगळे. जीव घेण्यास ख्रिस्तसभेचा ठाम विरोध आहे. परंतु असाधारण उपचारांचे बंधन रुग्णावर नाही, हे पोप बारावे पायस यांनी १९५७ मध्येच स्पष्ट केले होते. अन्नपाणी, शुश्रूषा आणि सोबत मात्र कधीच थांबवावयाची नसते.

कायदा दार उघडतो; विचारणे हे घरच्यांचे काम. तेही वेळेवर हवे. आईची वाचा गेल्यावर तिला काय हवे होते, यावरून भावंडे भांडतात. जेवणानंतर निवांत बसून विचारावे: आई, तुला कोठे राहावेसे वाटते? दवाखान्याचा निर्णय तुझ्या वतीने कोणी घ्यावा? तिचे उत्तर आपल्या सोयीचे नसेल, तरी ऐकावे.

त्या दिवशी आम्ही बैठक पुन्हा सुरू केली. माउलीला पाळी नको होती. आपल्याच घरात, चर्चची घंटा ऐकू येईल तेथे राहावयाचे होते. बांधी तिच्याच नावे राहिली. मुलांनी पैसे आळीपाळीने पाठवावेत असे ठरले, आणि शेजारच्या सुनेने रात्री सोबतीला यावे, ही सूचना तिचीच. निर्णय अर्ध्या तासात झाला. विचारावयास मात्र आम्हाला पाच तास लागले होते.