काचेच्या घरांतील रोजनिशी

सत्तेपुढें एकटा उभा राहणारा माणूस हा कथावाङ्मयाचा फार जुना नायक आहे. प्रल्हादाच्या आख्यानापासून तो आमच्या परिचयाचा आहे. परंतु त्या जुन्या कथांत जुलूम कोण करतो आणि सोसतो कोण, याविषयीं संशय नसतो. ज्याला आपल्या बेड्याच अलंकार वाटतात, त्याच्या मनांत पहिला प्रश्न उगवतो कसा, हें दाखविण्याचें काम विसाव्या शतकांतील कादंबरीनें केलें. आणि त्यांत येवगेनी झाम्यातिन या रशियन लेखकाच्या 'आम्ही' या कादंबरीस अग्रमान द्यावा लागतो.

झाम्यातिनचा जन्म १८८४ चा. जहाजबांधणी हा त्याचा व्यवसाय. विद्यार्थिदशेंतच तो बोल्शेविक पक्षांत शिरला, आणि १९०५ च्या क्रांतीच्या धामधुमींत झारच्या पोलिसांनीं त्याला एकांतवासांत कोंडलें. पुढें १९१६-१७ मध्यें बर्फ फोडणाऱ्या जहाजांच्या बांधणीवर देखरेख करण्यासाठीं तो इंग्लंडांत राहिला. यंत्र आणि क्रांति या दोहोंवर त्याची प्रीति होती; म्हणूनच १९२०-२१ मध्यें त्यानें लिहिलेल्या या टीकेला वजन आहे.

कादंबरींतील राज्य दूरच्या भविष्यकाळांतलें आहे. तेथें माणसांना नांवें नाहींत, क्रमांक आहेत. घरांच्या भिंती काचेच्या आहेत, आणि पडदे ओढण्यासही परवाना लागतो. अमेरिकन इंजिनिअर टेलर यानें कामगारांच्या कामाला घड्याळ लावलें. या राज्यानें तें उठण्या-जेवण्यालाही लावलें आहे. निवडणूक होते, पण ती एकमतानेंच होते. नायक डी-५०३ हा अंतराळयान बांधणारा गणिती आहे, आणि तो या व्यवस्थेंत अगदीं सुखी आहे. परग्रहावरील लोकांस आपल्या राज्याची थोरवी कळावी म्हणून तो रोजनिशी लिहावयास बसतो.

येथेंच सारा घोटाळा होतो. स्तुतीसाठीं घेतलेल्या लेखणींतून शंका उतरूं लागते. शाळेंत असतांना ऋण एकाचें वर्गमूळ ऐकून तो रडला होता, ही आठवण त्याला पुन्हा छळते. कारण हिशेबांत न बसणारें असें कांहींतरी आपल्यांतही आहे, हें त्याला उमगतें. आय-३३० ही बंडखोर स्त्री त्याच्या आयुष्यांत येते, आणि तुला आत्मा फुटला आहे असें निदान वैद्य करतो! शेवटीं शस्त्रक्रिया करून त्याची कल्पनाशक्ति काढून टाकण्यांत येते, आणि जिच्यावर प्रेम केलें तिचा छळ तो शांतपणें पाहात बसतो.

ग्रंथाची कथाही नायकाच्या कथेसारखीच आहे. स्वदेशीं त्याच्या छपाईस परवानगी मिळाली नाहीं. १९२२ मध्यें नव्या सरकारनेंही लेखकाला तुरुंग दाखविला. इंग्रजी भाषांतर १९२४ मध्यें न्यूयॉर्कला निघालें. १९२९ मध्यें वृत्तपत्रांतून लेखकावर भडिमार झाला. १९३१ मध्यें त्यानें थेट स्टालिनला पत्र लिहून देश सोडण्याची अनुज्ञा मागितली. गॉर्कीच्या रदबदलीनें ती मिळाली. १९३७ मध्यें तो पॅरिसला वारला. मायदेशांत पुस्तक छापलें गेलें तें १९८८ मध्यें, लिहिल्यापासून सुमारें ६७ वर्षांनीं.

मधल्या काळांत जॉर्ज ऑर्वेलनें या कादंबरीचें परीक्षण १९४६ मध्यें लिहिलें, आणि १९४९ मध्यें त्याची 'नाइन्टीन एटी-फोर' प्रसिद्ध झाली. तिचा नायक विन्स्टन याचें बंडही चोरून लिहिलेल्या रोजनिशीनेंच सुरू होतें, आणि त्याचाही पराभवच होतो. दोघेही हरतात, मग या कथा वाचून लाभ काय, असें वाचक विचारतील. आमच्या मतें लाभ हा कीं, सत्ता नेमकें कशाला भिते तें येथें दिसतें. तिला तरवारीची भीति असतेच. परंतु आपण असे कां जगतों, हें वहींत लिहूं लागलेला माणूस तिला त्याहून अवघड जातो. त्याला तुरुंगांत घालून भागत नाहीं, त्याचें मन बदलावें लागतें.

मासिकांतून 'आम्ही' म्हणून बोलण्याची रीत आहे, आणि ती आम्हीही पाळतों. पण आपल्या जगण्याचा जाब ज्याचा त्यानेंच विचारावयाचा असतो; तेथें 'आम्ही' पुढें करून चालत नाहीं.