‘विमुक्त’ या संज्ञेविषयी

‘विमुक्त’ म्हणजे बंधनातून सुटलेले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यान्वये ज्या जमाती जन्मतःच गुन्हेगार मानल्या गेल्या, ज्यांच्यावर पोलिसांकडील हजेरीची सक्ती झाली आणि ज्यांना पुढे सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातील वसाहतींत (यांना ‘सेटलमेंट’ म्हणत) डांबण्यात आले, त्यांना हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर रद्द झाल्यावर हे नाव मिळाले. ही सुटका अपुरीच राहिली, कारण सराईत गुन्हेगारांविषयीच्या कायद्यांनी (मुंबई राज्यात १९५९ चा) त्याची जागा घेतली आणि ते जमातीला नव्हे, व्यक्तीला लागू असले तरी संशयाची नजर पारध्यांच्या, कैकाड्यांच्या वस्त्यांवरून हटली नाही. सात दशकांची ही उपेक्षा अक्षम्य आहे. महाराष्ट्राच्या आरक्षणात विमुक्त जातींचा स्वतंत्र प्रवर्ग आहे. केंद्राच्या आरक्षणात तो नाही.